पाणी तोडू नका

माझ्याकडे बायका येतात त्या गुडघ्यासाठी, कंबरेसाठी. व्यायाम समजावून होतो, फाइल पिशवीत जाते आणि मग दाराशी थबकून त्या हळूच म्हणतात, "ताई, अजून एक होतं. लघवीला लागली की धरवतच नाही." सांगलीत फिजिओथेरपी करताना हे इतक्या जणींकडून ऐकलंय, की आता पहिल्याच भेटीत मीच विचारते. विचारलं की खुर्ची पुढे ओढून बसतात.

लग्नाला गेलं की आधी बाथरूम कुठे ते हेरायचं. साडी गडद रंगाचीच नेसायची. घरी आल्यावर कुलपात किल्ली घालताना नेमकी घाई होते आणि कपडे ओले होतात. "वयच झालं आता," म्हणून हे सगळं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. वयाबरोबर त्रास वाढतो हे खरं, पण म्हणून तो सोसायचा असतो असं मुळीच नाही. डॉक्टर याला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. दीड-दोनशे मिलीला पहिली जाणीव होते, पण मेंदू ती बाजूला ठेवतो आणि मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू सैलच राहतो. या आजारात लघवी थोडीच साठलेली असताना तो आकसतो. एकदम जोराची घाई होते. दिवसातून आठाहून जास्त वेळा जावं लागतं, रात्री झोपमोड होते. खोकताना-शिंकताना थेंब जाणं हा निराळा त्रास. कित्येकींना दोन्ही असतात.

मात्र आधी लघवीची आणि साखरेची तपासणी हवीच. जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्राशयातला खडा, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, यांतही अशीच घाई होते. लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तपासणीत काही निघालं नाही की मी एक वही आणि मापाचा मग ठेवायला सांगते. तीन दिवस लिहायचं: किती वाजता गेलात, किती मिली झाली, काय प्यायलात. वहीत शंभर, नव्वद, एकशेवीस असे आकडे आले, की मूत्राशय भरण्याआधीच आपण उठतोय हे बाईला स्वतःलाच दिसतं. चहाचे कपही दिसतात. चहा-कॉफी कमी केल्यावर काहींना तेवढ्यानेच बराच आराम पडतो.

पाणी मात्र तोडू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते, शिवाय बद्धकोष्ठ होऊन त्रास वाढतो. पण कोल्हापूरला जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बाईला मी दोष कसा देऊ? वाटेत स्वच्छ मुतारी मिळेल याची खात्री तिला कोणी दिली आहे? २०११ मध्ये मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभारली ती याचसाठी. ती मागणी मला औषधाइतकीच गरजेची वाटते.

खरं काम सरावाचं. घाई झाली की धावायचं नाही. बसायचं, किंवा उभं असाल तिथेच थांबायचं. वायू रोखताना जो स्नायू आत-वर ओढतो, तो भराभर पाच-सहा वेळा आवळायचा. श्वास चालू, मांड्या सैल. हा खालचा स्नायू आवळला की मूत्राशयाला आकसणं थांबवण्याचा संदेश जातो. कळ ओसरते, मग सावकाश चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत न्यायचं. स्नायू आवळण्याचे हे व्यायाम आर्नल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली बाळंतपणानंतर सैल पडणाऱ्या स्नायूंसाठी मांडले होते. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि बहुतेकजणी तिसऱ्याच आठवड्यात कंटाळतात. तेव्हा मी जुनी वही उघडून पहिल्या आठवड्याचे आकडे दाखवते.

एवढ्याने भागलं नाही तर गोळ्या आहेत. सॉलिफेनासिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं. वयस्कर माणसांच्या स्मरणशक्तीवर अशा औषधांचा परिणाम होऊ शकतो. काचबिंदू असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा. मिराबेग्रॉनने हा कोरडेपणा फारसा येत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. त्यापुढे घोट्याजवळच्या नसेला सौम्य विजेचे झटके देतात, किंवा मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. त्यांचा गुण साधारण सहा महिने टिकतो, मग ती पुन्हा घ्यावी लागतात.