लॉजमधील लिफ्ट आणि मालकाची जबाबदारी

नागपुरांत हिवाळी अधिवेशन भरलें किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दीक्षाभूमीवर जनसमुदाय लोटला, म्हणजे स्टेशनाजवळच्या व सीताबर्डीवरच्या लॉजांतील लिफ्टला क्षणाची उसंत मिळत नाहीं. घरच्या लिफ्टच्या खोडी घरच्यांस ठाऊक असतात. लॉजमध्यें उतरलेला पाहुणा मात्र केवळ विश्वासानें आंत पाऊल टाकतो. तो विश्वास सांभाळणें हें मालकाचें काम होय.

लिफ्टचा धोका म्हणजे दोर तुटणें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु १८५४ सालींच न्यू यॉर्कच्या प्रदर्शनांत एलिशा ओटिस यानें स्वतः पाळण्यांत उभें राहून त्याचा दोर कापवून दाखविला. पाळणा जागींच अडकला. हल्लीं दोर एकाहून अधिक असतात, आणि खालीं येतांना वेग मर्यादेबाहेर गेल्यास गव्हर्नर नांवाचें साधन जबडे आवळून पाळणा रुळांवर थोपवितें.

मोठा धोका दाराशीं असतो. पाळणा समोर नसतां मजल्यावरचें दार उघडूं नये, आणि दार उघडें असतां पाळणा हलूं नये, अशी कुलुपाची योजना असते. तें कुलूप झिजलें, किंवा ‘तूर्त चालूं द्या’ म्हणून त्याच्या तारा परस्पर जोडल्या, तर अंधारांत पाहुण्याचें पाऊल थेट पोकळींत पडतें. ब्रेककडेही असेंच लक्ष हवें. समतोलासाठीं लाविलेलें वजन रिकाम्या पाळण्याहून जड असतें. म्हणून ब्रेक निकामी झाल्यास एकट्या माणसाचा पाळणा खालीं न येतां वर धांवतो!

वीज जाऊन पाळणा दोन मजल्यांमध्यें अडकल्यास नोकरांनीं दार उचकटून कोणास ओढूं नये. पाळण्याखालीं पोकळी उघडी असते. आंतल्यांस धीर द्यावा व जाणत्या कारागिरास बोलवावें. आंतील घंटा व दिवा रोज पाहावा. पावसाळ्यांत तळच्या खड्ड्यांत पाणी सांचूं देऊं नये.

मुंबई इलाख्याचा लिफ्ट कायदा १९३९ सालीं झाला, तेव्हां नागपूर मध्यप्रांतांत होतें. पुढें २०१७ सालीं महाराष्ट्र राज्यासाठीं नवा कायदा झाला. त्यान्वयें लिफ्ट बसविण्यास परवानगी, चालविण्यास परवाना, आणि अपघात घडल्यास सरकारी निरीक्षकास खबर देणें आवश्यक आहे.

देखभालीचा करार कंपनीशीं केला म्हणजे आपण मोकळे झालों, असें मालकानें मानूं नये. प्रत्येक तपासणीची व दुरुस्तीची नोंद वहींत ठेवावी. खरी कसोटी लागते ती सर्व खोल्या भरलेल्या असतां कारागीर ‘लिफ्ट बंद ठेवा’ म्हणतो तेव्हां. त्या दिवशीं गिऱ्हाइकांची कुरकुर सोसून जो बंदची पाटी लावतो, त्यानेंच पाहुण्याचा विश्वास राखला.