इंदूरचे लुप्त मीटरगेज यार्ड

इंदूरच्या मुख्य रेल्वेस्थानकात आज ब्रॉडगेजचे, म्हणजे १,६७६ मिलिमीटर अंतराचे रूळ आहेत. मात्र शतकाहून अधिक काळ याच परिसरात १,००० मिलिमीटर अंतराच्या मीटरगेजचे, लोकांच्या बोलीतील ‘छोट्या लाइन’चे, यार्ड नांदत होते. यार्ड म्हणजे मुख्य मार्गालगतचा तो रूळसमूह, जिथे डबे सुटे करून नव्या क्रमाने जोडले जातात, वाफेच्या काळात इंजिनांना पाणी-कोळसा मिळत असे आणि मालधक्क्यावर वॅगनी भरल्या-रिकाम्या केल्या जातात. गेजबदलात असे यार्ड उखडले जाते तेव्हा त्याच्या जागी नवे यार्ड उभे राहते, आणि जुन्याची आखणी शोधण्यासाठी अभ्यासकाला दप्तरांकडे वळावे लागते.

या यार्डाचे मूळ एका कर्जात आहे. इंदूरचे संस्थानिक दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले, आणि त्यातून खांडवा-इंदूर हा होळकर स्टेट रेल्वेचा मार्ग बांधला गेला. मोरटक्क्याजवळचा नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये खुला झाला, त्यानंतर थोड्याच काळात गाडी इंदूरपर्यंत पोहोचली. पुढे हा मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत सामील झाला, १८८५ पासून बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या हाती गेला आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत आला. खांडव्याला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची ब्रॉडगेज लाइन असल्यामुळे माळव्याचा कापूस आणि अफू तिथे एका गेजच्या डब्यांतून दुसऱ्या गेजच्या डब्यांत हलवावी लागे, म्हणून इंदूरचे मालवाहतुकीचे गणित खांडव्याला वगळून मांडता येत नाही.

संशोधनाची खरी गुंतागुंत अधिकारक्षेत्राची आहे. संस्थानांतून जाणाऱ्या रेल्वेच्या जमिनीवरील न्यायाधिकार संस्थानिकांना ब्रिटिशांकडे सोपवावा लागे; पैसा होळकरांचा आणि भूमीही होळकरांची असूनही रुळांवरचा कायदा परका होता. त्यामुळे यार्डाचे दप्तर दुभंगले: एक बाजू दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील परराष्ट्र आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांच्या संचिकांत शोधावी लागते, तर दुसरी बाजू होळकर दरबाराच्या कागदांत, ज्यांतील बराच जुना भाग मोडी लिपीत असल्याने मराठी वाचकांखेरीज फार थोड्यांना खुला आहे. केवळ इंग्रजी संचिका वाचून लिहिलेला इतिहास दरबाराचा हिशेब आणि आक्षेप वगळतो, ही उणीव साधी नव्हे.

छापील साधनांत लुआर्ड यांचे १९०८ चे आणि धारीवाल यांचे १९३१ चे इंदूर संस्थान गॅझेटियर प्रथम पाहावेत. पॅट्रिक गेडिस यांनी दरबारासाठी केलेला १९१८ चा द्विखंडी नगररचना अहवाल विशेष मोलाचा आहे, कारण तो रेल्वेचा विचार सुटा न करता शहर, गिरण्या आणि वस्ती यांच्या संदर्भात करायला शिकवतो. स्थानकालगतचा सियागंज हा घाऊक बाजारही त्याच दृष्टीने वाचायला हवा. या वाचनाला रेल्वेचे स्थानक-नकाशे आणि निवृत्त सांधेवाले, शंटर, गार्ड यांच्या मुलाखतींची जोड हवी. विशेषतः मुलाखती तातडीने घेतल्या पाहिजेत, कारण अजमेरहून इंदूर, अकोलामार्गे काचीगुड्याला जाणारी मीटरगेज वाहतूक स्वतः हाताळलेली पिढी आता उतारवयात आहे.

कागदांवरून काढलेले निष्कर्ष पडताळण्यासाठी प्रत्यक्ष पुरावा जवळच आहे. याच खांडवा-इंदूर मार्गाच्या महू-ओंकारेश्वर रोड भागातील मीटरगेज सेवा २०२३ च्या सुरुवातीला थांबली, तरी नव्या ब्रॉडगेजची आखणी घाटातील जुना तीव्र चढ टाळून जात असल्यामुळे पातालपाणी-कालाकुंड हा तुकडा वारसा म्हणून राखला गेला, आणि तिथे त्याआधीच, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, हेरिटेज गाडी सुरू झाली होती. इंदूरच्या जुन्या नकाशांतील मापे आणि तांत्रिक संज्ञा मीटरगेजच्या या उरलेल्या रुळांशी व स्थानकांशी ताडून पाहता येतात.