दोन तुकडे झाले तरी तरंगणारी बोट

१९६१ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात छायाचित्रांची एक मालिका छापून आली. बोटींचे निर्माते डिक फिशर आपल्या १३ फुटी बोटीत बसले आहेत आणि करवतीने तिचे मधोमध दोन तुकडे केले जात आहेत. मग इंजिन लावलेला मागचा तुकडा हाकत ते निघूनही जातात. ही बोट म्हणजे बोस्टन व्हेलर. तेव्हापासून ‘न बुडणारी’ हे बिरुद तिला चिकटले ते आजवर. हौसेने पहिली मोटरबोट घेणारा माणूस व्हेलर घ्यावी की खोल ‘व्ही’ तळाची बोट, या पेचात पडला की या बिरुदावरच भाळतो.

पण बोट बुडत नाही म्हणजे माणूस बुडत नाही, हा समज जीवघेणा आहे. फायबरग्लासच्या दोन कवचांमधला फोम बोटीला तरंगते ठेवतो, लाटेच्या धक्क्याने बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाला नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२२च्या बोट-अपघातांच्या आकडेवारीत, मृत्यूचे कारण समजलेल्यांपैकी ७५ टक्के लोक बुडून गेले होते. लाइफ जॅकेटची नोंद असलेल्या बुडालेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या अंगात ते नव्हतेच. शिवाय पाणी भरल्यावरही तरंगण्याचा गुण एकट्या व्हेलरचा नाही. २० फुटांपेक्षा लहान बहुतेक आउटबोर्ड बोटींनी तसे तरंगलेच पाहिजे, असा तिथला नियम आहे.

‘व्ही’ तळ सगळीकडेच सरस, असे दुसऱ्या बाजूचे लोक छातीठोकपणे सांगतात. त्यांच्याकडे दाखलाही मोठा आहे. १९६० साली खवळलेल्या समुद्रात मायामी ते नासाऊ ही शर्यत ‘मॉपी’ या बोटीने जिंकली. तिचा खोल ‘व्ही’ तळ नौकारचनाकार रे हंट यांचा, आणि व्हेलरच्या मूळ आराखड्यामागेही हेच हंट होते! एकाच माणसाने दोन वेगळ्या पाण्यांसाठी दोन तळ दिले. खोल ‘व्ही’ लाट कापत जातो, त्यामुळे पाठीला हिसके कमी बसतात. मात्र त्याला ताकद जास्त लागते, पाणीही जास्त खोल लागते, आणि थांबल्यावर तो डुलतो. मूळ व्हेलरचा पसरट तळ उथळ खाडीत सहज शिरतो. माणूस एका काठावर उभा राहिला तरी ती फारशी कलत नाही. वाऱ्याने पाणी चाळवले की मात्र तोच तळ दणादण आपटतो. खाडी आणि तळ्यात फिरायचे असेल तर तशी व्हेलर, रोज उघडा समुद्र गाठायचा असेल तर ‘व्ही’.

तळ कोणताही असो, बोटीवरच्या क्षमतापट्टीवर माणसांचा आकडा असतो. तो शांत हवेतला आहे, वादळी दिवसाचा नव्हे.

जुनी व्हेलर घेणाऱ्यांचा आणखी एक भ्रम म्हणजे फोम पाणी पीतच नाही. स्क्रूच्या उघड्या भोकांतून, तड्यांतून वर्षानुवर्षे ओल आत मुरते आणि मागच्या फळीतले प्लायवुड कुजते. वरून रंग चकचकीत दिसतो. म्हणून ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर चढवावी, ट्रेलर, इंजिन आणि इंधनाचे वजन वजा करावे, आणि उरलेला आकडा त्या मॉडेलच्या मूळ वजनाशी ताडून पाहावा. फरक मोठा निघाला तर विक्रेत्याने भाव कितीही खाली आणला तरी ती बोट घेऊ नये.