व्हायवॅक्ससाठी ताजं रक्त

पाऊस ओसरून ऊन आणि सरी आलटून-पालटून येऊ लागल्या की पनवेलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये 'सीबीसी, एमपी' लिहिलेल्या चिठ्ठ्यांची रीघ लागते. एमपी म्हणजे मलेरियाच्या जंतूची तपासणी. मी अशाच एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. करंजाडे, उलवे, कामोठे, तळोजा इथल्या साइटवरचे सेंट्रिंगवाले, फरशीवाले येतात, त्यांच्याच बाजूला बांधून झालेल्या टॉवरमधले रहिवासीही येतात. दोघांना चावलेला डास बहुतेक एकच, ॲनोफिलीस स्टिफेन्सी. त्याला गटाराचं नाही, स्वच्छ पाणी लागतं. क्युरिंगसाठी स्लॅबवर आळी करून साठवलेलं, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं, गच्चीवरच्या उघड्या टाकीतलं. पनवेल परिसरात बांधकाम गेली कित्येक वर्षं थांबलेलंच नाही, त्यामुळे या डासाला कधी जागा शोधावी लागली नाही.

एकाच काचेवर रक्ताचे दोन थर करतात, एक जाड, एक पातळ. जाड थरात रक्त जास्त मावतं, म्हणून जंतू आहे की नाही ते तिथे कळतं. कोणता आहे ते पातळ थरात. पातळ थर मिथेनॉलने पक्का करायचा आणि जाड थराला मिथेनॉलचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, नाहीतर तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि त्यांच्या गर्दीत जंतू दिसेनासा होतो. मग गिम्साचा रंग. बफरचा पीएच 7.2 च्या आसपास नसेल तर शुफनरचे ठिपके, म्हणजे व्हायवॅक्स या मलेरियाच्या जंतूची ओळखीची खूण, नीट उठत नाहीत. तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावायची आणि एकेक फील्ड सरकवत जायचं. निगेटिव्ह लिहिण्याआधी जाड थराची किमान शंभर फील्ड बघायची. रॅपिड किट पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देतं, पण जंतू वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते किट सांगत नाही. ते काच सांगते.

आमच्याकडे काचेवर दिसतो तो मुख्यतः व्हायवॅक्स. त्याने धरलेली तांबडी पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी, फुगलेली असते. आत जंतू तव्यावर ओतलेल्या आंबोळीच्या पिठासारखा वेडावाकडा पसरलेला, मध्ये लालसर ठिपका, भोवती निळा पेशीरस, आणि पेशीभर बारीक गुलाबी ठिपके. थोडं पुढे गेलं की एखाद्या पेशीत जंतू वाटला गेलेला दिसतो, बारा ते चोवीस पिल्लांमध्ये. ती पेशी फुटली की पेशंटला हुडहुडी भरते. पिल्लं रक्तात उघड्यावर येतात आणि काही क्षणांत नव्या पेशीत शिरून पुन्हा दिसेनाशी होतात. रक्तातल्या अवस्थेवर लस शोधणाऱ्या माणसाला हाती असते ती एवढीच वेळ. प्रतिपिंडांनी पिल्लाला गाठायचं ते या उघडीपीत.

मग कोणत्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं हवीत? फॅल्सिपेरम या दुसऱ्या, जास्त घातक जंतूकडे पाच हजारांहून अधिक जनुकं आहेत. त्यातलं एखादं निवडायचं कसं, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर मुंबईतलं आहे. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये शोभना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या प्रौढांचं सीरम घेतलं. मलेरिया वर्षानुवर्षं मुक्कामाला असलेल्या भागात मोठी माणसं सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्या रक्तात काहीतरी तयार झालेलं असतं. दुसरीकडे तापाने फणफणलेल्या रुग्णांचं सीरम. जंतूच्या जनुकांचे तुकडे जिवाणूंच्या ताटलीवर प्रथिनं बनवत असतात. त्या ताटलीचा ठसा पटलावर उतरवायचा आणि एकदा निरोगी प्रौढांच्या, एकदा रुग्णांच्या सीरमने तपासायचा. जे ठिपके पहिल्या सीरमने उमटतात आणि दुसऱ्याने उमटत नाहीत, ते वेचायचे. हे काम 1994 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कोणतं प्रथिन महत्त्वाचं ते शास्त्रज्ञांनी आधी ठरवलं नाही, तापातून तावून निघालेल्या माणसांच्या रक्ताला विचारलं.

त्यातून हाती लागलं पी-झिरो. हे जंतूच्या रायबोसोमचं प्रथिन, पेशीच्या आतल्या कारखान्यातलं. ते पिल्लाच्या पृष्ठभागावर सापडावं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अडचण अशी की पी-झिरो माणसाकडेही असतं, लशीने स्वतःच्याच पेशींवर हल्ला झाला तर काय? म्हणून शोध प्रथिनाच्या शेपटाकडच्या सोळा अमिनो आम्लांवर येऊन ठेपला, कारण तो भाग माणसाच्या प्रथिनाहून वेगळा आहे. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांनी प्रयोगशाळेत जंतूची वाढ रोखली, उंदरांमध्ये संरक्षण दिसलं. माणसांसाठीची लस त्यातून आलेली नाही. उमेदवार प्रथिनांपैकी बहुतेकांचं असंच होतं. तरीही असं काम वाया गेलं असं मला वाटत नाही, कारण शोधण्याची रीत पुढच्यांच्या हाती राहते.

जी लस आज खरोखर बनते आहे ती आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. कळंबोलीला एक्स्प्रेसवेला लागायचं, पुणं गाठायचं. ऑक्सफर्डने शोधलेली आर21 लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली. त्याआधी 2021 मध्ये आरटीएस,एस या लशीला मान्यता मिळाली होती. दोन्हींचा निशाणा एकच: डासाच्या लाळेतून येणाऱ्या जंतूच्या अंगावरचं सीएसपी हे प्रथिन, यकृतात शिरण्याआधीच त्याला अडवायचं. आर21 मध्ये या प्रथिनाचा तुकडा हिपॅटायटिस-बीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला जोडून यीस्टमध्ये बनवतात, आणि सोबत मॅट्रिक्स-एम हे प्रतिकारशक्ती चेतवणारं द्रव्य घालतात, जे चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीपासून येतं. बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातल्या सुमारे 4,800 मुलांवर तिची मोठी चाचणी झाली. जिथे मलेरिया ठरावीक हंगामात येतो तिथे पहिल्या वर्षात सुमारे 75 टक्के संरक्षण मिळालं. आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती पुण्यात बनते याचा मला अभिमान आहे.

पण ती फॅल्सिपेरमची लस आहे. व्हायवॅक्सचं सीएसपी वेगळं. आमच्या काचेवरच्या जंतूला तिचा उपयोग नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2025 मध्ये जाहीर केलेली ॲडफाल्सीव्हॅक्स, भुवनेश्वरच्या संस्थेत घडलेली, तीही फॅल्सिपेरमसाठीच. गडचिरोलीला अशा लशीची गरज आहे, हे मान्य. पनवेल, नवी मुंबई, मुंबई या पट्ट्याचं काय?

व्हायवॅक्सकडे दुर्लक्ष झालं त्यामागे आळस नाही, अडचण आहे. फॅल्सिपेरम 1976 पासून प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो. व्हायवॅक्सला नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, त्या रक्तात शेकड्याला एक-दोन. त्यामुळे तो बाटलीत फार दिवस टिकत नाही, आणि प्रत्येक प्रयोगाला नव्या पेशंटचं ताजं रक्त लागतं. शिवाय तो यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. म्हणून आम्ही रिपोर्टवर व्हायवॅक्स लिहिलं की डॉक्टर प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप गेला की बरेच जण गोळ्या सोडतात, आणि काही महिन्यांनी तीच माणसं पुन्हा आमच्या बाकावर बसलेली असतात. साइट बदललेली असते, जंतू बहुधा जुनाच.

या जंतूचं एक कच्चं ठिकाण मात्र सापडलेलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं, आणि त्यांना व्हायवॅक्स सहसा होत नाही. हे नातं 1976 मध्ये लुईस मिलर यांनी दाखवलं. आयआयटी मुंबईत भौतिकशास्त्र शिकलेले चेतन चिटणीस पुढे मिलर यांच्याबरोबर काम करत होते. 1994 मध्ये दोघांनी जंतूच्या प्रथिनाचा डफीला चिकटणारा नेमका भाग ओळखला. चिटणीस दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेत आले आणि त्या भागाची लस करण्यात वर्षानुवर्षं गुंतले. 2023 मध्ये त्या लशीच्या ऑक्सफर्डमधल्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या स्वयंसेवकांना मुद्दाम व्हायवॅक्सची लागण केली, तेव्हा जंतूंच्या वाढीचा वेग निम्म्याने कमी झाला. ताप थांबवायला निम्मं पुरत नाही. पण माणसाच्या रक्तात व्हायवॅक्सची चाल लशीने मंदावली, आणि त्यासाठी ओळख पटल्यापासून जवळजवळ तीस वर्षं लागली.

आता आमच्या लॅबमधल्या रक्ताच्या नळीकडे येतो. पॉझिटिव्ह रिपोर्ट पालिकेला कळवला जातो, आणि ईडीटीएची नळी निर्जंतुक होऊन लाल पिशवीत जाते. त्या नळीत ताजा, जिवंत, पनवेलचा व्हायवॅक्स असतो. लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं इथल्या जंतूला अडवतात की नाही, इथल्या जंतूचं डफीला चिकटणारं प्रथिन ऑक्सफर्डमधल्या जंतूपेक्षा किती वेगळं आहे, हे तपासायला नेमकं तेच लागतं. गोव्यात गोवा मेडिकल कॉलेज आणि राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचं पणजीतलं केंद्र यांनी रुग्णांच्या संमतीने असं रक्त घेऊन बरंच काम केलं आहे. कर्करोगासाठी टाटा मेमोरियल रुग्णालय गाठींचे नमुने संमतीने जपून ठेवतं. आमच्या लॅबमधून मात्र मलेरियाची नळी अजून कुठल्या संशोधकाकडे गेलेली नाही. लागतं ते फार नाही. पेशंटला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली सही, एथिक्स कमिटीची मंजुरी, गोळी सुरू होण्याआधी काढलेलं चार-पाच मिलिलिटर रक्त, आणि अटल सेतूवरून ते काही तासांत मुंबईच्या एखाद्या प्रयोगशाळेत नेणारा माणूस. रक्त आम्ही तसंही काढतोच.