चोराला शिक्षा देण्याचा अधिकार कोणाचा?

वास्कोहून लोंढ्यामार्गे जाणाऱ्या लोहमार्गाने गोव्याशी जोडलेली हुबळी-धारवाड ही जुळी शहरे आता संगणकशिक्षणाचे केंद्र म्हणूनही ओळखली जातात. १९४७ साली स्थापन झालेल्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पुढे केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. २०१५ साली भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ साली आयआयटी तेथे सुरू झाली. अशा संस्थांत शिकणारा तरुण उद्या स्वतःचे ॲप विकू पाहणार असतो. आज मात्र त्याच्याच फोनवर दुसऱ्याचे सशुल्क ॲप फुकट मिळवण्याचे मार्ग त्याला खुणावत असतात. कष्टाने लिहिलेली प्रणाली चोरीला गेली तर लिहिणाऱ्याने काय करावे? चोराला धडा शिकवण्यासाठी त्याच्या फोनमध्ये शिरून त्याचे नुकसान करणे योग्य ठरेल काय? हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहिला तो ‘जेलब्रेकिंग’च्या जगात.

कुलूप उघडणे आणि घर लुटणे

आयफोन २००७ साली बाजारात आला आणि जुलै २००८ मध्ये ॲपलने आपले ॲप स्टोअर सुरू केले. कंपनीने मान्यता दिलेली ॲप्सच फोनवर चालावीत आणि प्रत्येक ॲपने आपापल्या चौकटीत राहावे, अशी तिची रचना आहे. ही चौकट तोडून फोनच्या मूळ प्रणालीपर्यंत पूर्ण प्रवेश मिळवणे म्हणजे जेलब्रेकिंग. अँड्रॉइड फोनच्या बाबतीत याच प्रकाराला ‘रूटिंग’ म्हणतात.

जेलब्रेकिंग म्हणजे चोरी नव्हे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. ॲप स्टोअर सुरू होण्यापूर्वीच, २००८ च्या आरंभी, जे फ्रीमन या अमेरिकी प्रोग्रामरने ‘सिडिया’ हे दालन उघडले. फोनचे रूप बदलणे, नव्या सोयी जोडणे यांसाठीची छोटी उपकरणे तेथे मिळत. त्यांना ‘ट्वीक’ म्हणत. त्यातील अनेक मोफत असत, तर काही एक-दोन डॉलरला विकली जात. अमेरिकेत २०१० साली कॉपीराइट कायद्याच्या अंमलबजावणीत फोनच्या जेलब्रेकिंगला स्पष्ट सूट देण्यात आली.

परंतु तुटलेल्या कुलपातून इतरही आत येतात. ‘हॅक्युलस’ या गटाच्या ‘इन्स्टॉलस’ या साधनाने सशुल्क ॲप्स फुकट उतरवून घेण्याची सोय केली. डिसेंबर २०१२ च्या अखेरीस ते बंद झाले, तरी ही प्रवृत्ती थांबली नाही. ट्वीकच्या चोरट्या प्रतीही पसरू लागल्या. येथे फटका बसत होता तो मोठ्या कंपनीला नव्हे, तर रात्री जागून दीड डॉलरचे ट्वीक लिहिणाऱ्या एकट्या तरुणाला. दाद मागावी तर ॲपलकडे जाता येत नव्हते, कारण ॲपलला हे सारे विश्वच अमान्य होते. न्यायालयाचा खर्च उत्पन्नाच्या कैक पट होता. अशा परिस्थितीत स्वतःच धडा शिकवण्याचा मोह होणे स्वाभाविक होते.

सौम्य टोमण्यापासून हेरगिरीपर्यंत

या प्रतिकाराचे अनेक प्रकार आहेत. चोरटी प्रत ओळखून काम करण्यास नकार देणे हा सर्वांत साधा प्रकार. काही ट्वीक एवढेच करीत. ऑस्ट्रेलियातील ग्रीनहार्ट गेम्स या छोट्या कंपनीने २०१३ साली याहून कल्पक मार्ग निवडला. ‘गेम डेव्ह टायकून’ या आपल्या संगणकीय खेळाची वेगळी प्रत तिने स्वतःच फुकट्यांसाठी सोडली. खेळाडूने गेम बनवणारी कंपनी चालवायची, असा तो खेळ होता. या विशेष प्रतीत मात्र खेळाडूची काल्पनिक कंपनी चोरट्या प्रतींमुळे हमखास बुडत असे. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांपैकी ९३.६ टक्के लोक ही फुकट प्रत वापरत होते, असे कंपनीने जाहीर केले. या टोमण्याने कोणाच्या संगणकाचे नुकसान झाले नाही.

दुसरा प्रकार जाहीर बदनामीचा. ‘एन्फोर’ या जपानी कंपनीची आयफोनसाठीची शब्दकोशांची ॲप्स महागडी होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये ही ॲप्स वापरकर्त्याच्या ट्विटर खात्यावरून त्याच्याच नावाने कबुली प्रसिद्ध करू लागली. आपण चोरटी ॲप्स वापरतो आणि यापुढे वापरणार नाही, असा त्या कबुलीचा आशय होता. मात्र ओळखण्याची यंत्रणा चुकली आणि पैसे मोजून शब्दकोश घेतलेल्या ग्राहकांच्या नावावरही चोरीचा कबुलीजबाब झळकला. कंपनीला माफी मागावी लागली.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘फ्लाइट सिम लॅब्ज’ या कंपनीच्या विमान-सादृश्य प्रणालीत एक छुपी फाइल आढळली. क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून घेण्याची क्षमता तिच्यात होती. विशिष्ट चोरटा क्रमांक वापरणाऱ्यालाच पकडण्यासाठी ती ठेवली होती, असा खुलासा कंपनीने केला. परंतु ती फाइल प्रामाणिक ग्राहकांच्या संगणकांवरही पोहोचत होती. तेथेही माफी मागून ती काढून टाकावी लागली.

याची मुळे जुनी आहेत. १९८६ साली लाहोरमधील दोन अल्वी बंधूंनी आपल्या वैद्यकीय प्रणालीच्या चोरीला आळा घालण्यासाठी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिल्याचे सांगितले. तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात जगभर पसरला आणि त्या प्रणालीचे नावही न ऐकलेल्या लोकांच्या संगणकांत शिरला.

नेम का चुकतो?

प्रतिशोधाचा नेम चुकणे हा निव्वळ योगायोग नाही. प्रोग्रामला समोरचा माणूस दिसत नाही. त्याला दिसतात ती फक्त चिन्हे. फोन जेलब्रेक केलेला आहे, परवाना क्रमांक जुळत नाही किंवा सर्व्हरशी संपर्क होत नाही, एवढेच त्याला कळते. समजा, हुबळीतील एखाद्या विद्यार्थ्याने जुना फोन विकत घेतला आणि आधीच्या मालकाने त्यात चोरटी ॲप्स ठेवली होती. शिक्षा भोगणार तो विद्यार्थी. त्याची छायाचित्रे, टिपणे आणि संपर्क जाणार. शिवाय जेलब्रेक केलेल्या फोनवर ट्वीकला फार मोठे अधिकार मिळतात. त्यामुळे शिक्षेच्या आज्ञावलीत लहानशी चूक राहिली तरी हानी मोठी होते.

फुकट्यांनाही या जगात किंमत मोजावी लागतेच. ऑगस्ट २०१५ मध्ये उघडकीस आलेला ‘कीरेडर’ हा घातक प्रोग्राम जेलब्रेक केलेल्या आयफोनमधून सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खात्यांची माहिती चोरून बसला होता. पैसे न भरता सशुल्क ॲप्स मिळवून देणारी ट्वीक हेच त्याचे आमिष होते.

कायदा दोन्ही बाजूंना बांधतो

भारतीय कायद्याची भूमिका या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरटी प्रणाली जाणीवपूर्वक संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यावसायिक लाभ नसल्यास न्यायालय कैद टाळू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक कुलपे तोडण्याला शिक्षा सांगते. मात्र त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो.

हुबळी-धारवाडला लागू असलेला कर्नाटकाचा कायदा आणखी कठोर आहे. राज्याने २०१४ साली आपल्या गुंडा कायद्यात ‘डिजिटल गुन्हेगार’ हा वर्ग जोडला. प्रणालीसह कोणत्याही कृतीच्या कॉपीराइटचा व्यापारी हेतूने, जाणीवपूर्वक भंग करणाऱ्यास त्याखाली प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवता येते. खटल्याविना माणसाला अडकवून ठेवणाऱ्या या तरतुदीवर टीकाही झाली.

पण चोरीविरुद्ध इतकी कलमे असली तरी त्यातील एकही कलम ॲप बनवणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार देत नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहिती काढणे, नष्ट करणे किंवा त्यात विषाणू सोडणे यांबद्दल भरपाईची जबाबदारी टाकते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फोनही कायद्याच्या दृष्टीने संगणकच होय. समोरचा चोर होता, एवढ्या सबबीवर हे कृत्य आपोआप निर्दोष ठरत नाही.

मर्यादा कोठे आखावी?

नकार आणि सूड यांत फरक करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. परवान्याची तपासणी आपल्या सर्व्हरवर करावी. प्रत खरी न वाटल्यास स्पष्ट संदेश देऊन ॲपने थांबावे. वापरकर्त्याच्या माहितीला हात लावू नये आणि चूक झाली असल्यास दाद मागण्याची वाट ठेवावी. आपल्या ॲपपुरते दार बंद करणे हा निर्मात्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरून तोडफोड करणे त्या हक्कात बसत नाही.

वापरकर्त्यानेही काही पथ्ये पाळावीत. जुना फोन घेताना तो पूर्ण पुसून, मूळ प्रणाली नव्याने भरून घ्यावा. जेलब्रेक वा रूट केलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार टाळावेत. अनेक बँकांची ॲप्स अशा फोनवर चालतही नाहीत. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. आणि दीड डॉलर वाचवण्यापूर्वी एक विचार अवश्य करावा. फुकट प्रत देणारा अनोळखी माणूस त्या बदल्यात काय घेतो, हे ती प्रत उघडणाऱ्याला दिसत नाही. ज्या तरुणाचे ते दीड डॉलर बुडतात, तोही सहसा त्याच्याच वयाचा असतो.