लोखंडी नळी म्हणजे अर्थिंग नव्हे



हा विषय ऊस विकास खात्याचा नाही खरा, पण जिवाशी गाठ आहे म्हणून लिहीत आहोत.

गाळप आटोपले की आपल्यापैकी अनेकजण मुंबईला भाऊबंदांकडे जातात. मुंबईत वीजपुरवठा १९०५ साली सुरू झाला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील काही जुन्या इमारतींत अजून लोखंडी नळीतून केलेले वायरिंग दिसते. पूर्वी खोलीत दिवा नि पंखा एवढेच असे. आता फ्रीज, गीझर आले. तिसऱ्या पिनेची वायर त्या नळीलाच बांधतात नि म्हणतात, "नळी लोखंडाची आहे, अर्थिंग झालंच समजा!"

तसे ते होत नाही. शेतातल्या पाइपलाइनचा एक सांधा निसटला तर पुढच्या सरीला पाणी पोचते का? विजेचेही तेच. नळीच्या सांध्यात गंज चढतो, रंग बसतो. दुरुस्तीत मध्येच प्लॅस्टिकचा तुकडा घातला की वाट तुटलीच.

हिशेब पाहा. दाब २३० व्होल्ट. वाटेचा रोध १ ओहम असेल तर दोष झाल्याबरोबर २३० अँपिअर वाहतील नि १६ अँपिअरचा एमसीबी लगेच पडेल. गंजक्या सांध्यामुळे रोध ५० ओहम झाला तर वाहतील जेमतेम ४.६ अँपिअर. एमसीबी ढिम्म हलणार नाही. सांध्याच्या अलीकडची सारी नळी मात्र जिवंत राहील, नि झटका दोष नसलेल्या शेजाऱ्यालाही बसेल.

अमेरिकेतील नियमांत ठराविक धातूच्या नळ्यांना अर्थिंगची मुभा आहे. पण सांधे पक्के नि सलग हवेत. जुन्या नळीची ती खात्री कोण देणार? म्हणून :

१) प्रत्येक तीन पिनी सॉकेटपासून मीटरजवळच्या अर्थिंगपर्यंत स्वतंत्र हिरवी वायर ओढावी. लोखंडी नळीही तिला जोडावी.

२) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो अर्थिंगला पर्याय नव्हे, जोड आहे.

३) नळाच्या किंवा गॅसच्या पाइपला, तसेच न्यूट्रलला अर्थिंग कधीही जोडू नये.

४) तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करावी.

मुंबईच्या पाव्हण्यांना हे जरूर सांगा, आणि विहिरीवरच्या मोटारीचे अर्थिंगही पावसाळ्यापूर्वी तपासून घ्या. वायरीचा खर्च थोडका. माणूस पुन्हा मिळत नाही.