परक्यांच्या प्रवासवर्णनांतील नांदेड आणि लातूर

सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा १७व्या शतकातील व्यापारी मार्ग औरंगाबाद, अंबड, आष्टी असे टप्पे घेत नांदेडला पोहोचत असे. हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी जाँ बाप्तिस्त ताव्हर्निये याच मार्गाने गोवळकोंड्याच्या हिरेबाजाराकडे गेला. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात नांदेडला जेमतेम दोन-तीन ओळी मिळाल्या आहेत. येथे नदी ओलांडावी लागते, दर गाडीमागे चार रुपये भरावे लागतात आणि त्याखेरीज सुभेदाराचा परवानाही घ्यावा लागतो, एवढेच तो सांगतो. गावाविषयी आणि माणसांविषयी एक शब्दही नाही.

तरीही ही नोंद मोलाची आहे, कारण त्यातून मोगल अमलातील नदीघाटावरची व्यवस्था दिसते. उताराचा कर आकारला जात होता आणि परवान्यावाचून पुढे जाता येत नव्हते. व्यापाऱ्याच्या डोळ्याला आधी हेच दिसणार; खर्चाची बाब तो सहसा विसरत नाही. त्यामुळे अशा तपशिलावर विश्वास ठेवण्यास फारशी अडचण नसते.

अडचण पुढच्या वाक्यखंडात आहे. ही नदी गंगेला जाऊन मिळते, असे ताव्हर्निये लिहितो. भूगोलाच्या दृष्टीने ही ढोबळ चूक होय. गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला मिळते. परंतु गोदाकाठची माणसे आजही नदीला ‘गंगा’च म्हणतात. काठचा प्रदेश ‘गंगथडी’ म्हणून ओळखला जातो आणि संत जनाबाईंचे गाव गंगाखेड हे नाव मिरवते. घाटावर कोणीतरी ‘ही गंगा’ असे सांगितले असावे आणि ताव्हर्नियेने ती उत्तरेच्या गंगेशी जोडून दिली असावी. तसे असेल, तर त्याची चूक हाच लोकव्यवहारातील नावाचा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पुरावा ठरतो. प्रवासवर्णनातील चुका टाकून देण्यापूर्वी तपासाव्यात, त्या अशासाठी.

हे वर्णन सर्वस्वी ताव्हर्नियेच्या लेखणीतून उतरलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्याच्या आठवणींना पुस्तकाचे रूप देण्यात साम्युएल शापुझो या लेखकाचा हात होता. पुढे १८८९ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि विपरीत झालेली गावांची नावे नकाशावर जुळवून पाहिली. याच काळात दख्खनमध्ये आलेला दुसरा फ्रेंच प्रवासी जाँ द तेव्हनो व्यापारी नव्हता, जिज्ञासू होता. वेरूळच्या लेण्यांचे त्याने केलेले वर्णन त्याची साक्ष देते. परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये इराणात त्याचा मृत्यू झाला आणि हिंदुस्थानविषयीचा त्याचा भाग १६८४ मध्ये छापला गेला. छापील मजकूर पुन्हा वाचून दुरुस्त करण्याची संधी त्याला मिळालीच नाही.

लातूरचे काय? या गोदाकाठच्या मार्गापासून लातूर दूर दक्षिणेला आहे. शिवाय लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या सूचीत ‘लातूर’ शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. औसा, उदगीर, बीदर, नळदुर्ग ही नावे शोधावी लागतात.

बीदरपासून आरंभ केल्यास थेट १५व्या शतकात जाता येते. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकण्यासाठी बहामनी राजधानीत आला होता. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातील माणसे मात्र अत्यंत दरिद्री आहेत, असे त्याने नोंदवून ठेवले. हे निरीक्षण राजधानीच्या परिसराचे आहे. आजच्या उदगीर-निलंग्याच्या प्रत्येक गावाला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि दरबारी तवारिखांत क्वचितच येणारा रयतेचा उल्लेख येथे एका परदेशी घोडेविक्याच्या नोंदीत सापडतो, हे विशेष.

१९व्या शतकात लिहिणाऱ्याची भूमिकाच बदलते. निजामाने १८५३ च्या तहान्वये धाराशिव-नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांकडे सोपवला आणि १८६० मध्ये तो परत मिळवला. या काळाच्या पूर्वार्धात नळदुर्गचा कारभार कर्नल मेडोज टेलर यांच्याकडे होता. त्यांच्या निधनानंतर, १८७७ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे संपादन त्यांच्या कन्येने केले. रस्ते, तलाव, जमिनीची मोजणी यांची माहिती त्यात भरपूर आहे आणि या प्रदेशाविषयीचा जिव्हाळाही खोटा वाटत नाही. तुळजापूर परिसराची पार्श्वभूमी असलेली ‘तारा’ ही कादंबरी त्यांनी १८६३ मध्ये लिहिली होती.

मात्र ताव्हर्निये चार रुपये भरणारा होता, टेलर वसूल करणारे. प्रजा आपल्यावर संतुष्ट होती, असे जेव्हा कारभारीच सांगतो, तेव्हा त्या प्रजेचे म्हणणे अन्यत्र शोधावे लागते. मोजणीत कोणाची जमीन किती भरली आणि सारा किती ठरला, याचा पडताळा आत्मचरित्रातून मिळणार नाही. तो मोडी आणि फारसी दप्तरांतच शोधावा लागेल.